बोलींचा नकाशा : रेषा की बिंदू?

भाषाविषयक माहिती नकाशात मांडली की ती निर्विवाद भासू लागते. परिच्छेदातील विधानाशी अभ्यासक वाद घालतो. नकाशातील रंगाशी सहसा घालत नाही. वस्तुतः नकाशा हेही एक विधानच असते आणि त्याची चिकित्सा संहितेइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे ऋण मोठे आहे. तथापि त्यात कोकणी ही मराठीची बोली म्हणून अंतर्भूत आहे. पुढे १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्वतंत्र भाषा म्हणून स्थान मिळाले. तोच प्रदेश एकदा मराठीच्या रंगात रंगविता आला, नंतर वेगळ्या रंगात रंगवावा लागला. रंग हा निरीक्षणाचा नव्हे, तर वर्गीकरणाचा भाग असतो.

रेषेचेही तसेच आहे. दर बारा कोसांवर भाषा बदलते, या लोकोक्तीत क्रमशः होणाऱ्या बदलाची जाण आहे. सीमारेषा मात्र तो बदल एका पावलात घडवते. ‘ळ’च्या जागी ‘य’ वऱ्हाडात ऐकू येतो; ‘ण’च्या जागी ‘न’ मात्र वऱ्हाडाबाहेर, कोकणपट्टीतही आढळतो. या दोहोंच्या व्याप्ती जुळत नाहीत. मग वऱ्हाडीची सीमा कोणती मानावयाची?

फ्रान्समध्ये झिलिएरों यांनी १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध केलेल्या भाषिक नकाशासंग्रहात वेगळा मार्ग दिसतो. एदमों यांनी ६३९ ठिकाणी ऐकलेली रूपे नकाशावर त्या त्या ठिकाणीच छापली गेली. रेषा ओढण्याचे दायित्व वाचकावर राहिले. असा नकाशा एका दृष्टिक्षेपात कळत नाही, हे खरे. परंतु त्याचा आधार तपासता येतो.

अर्थात बिंदूही निर्दोष नसतो. एका गावासाठी एकच निवेदक घेतला, तर जात, लिंग व पिढी यांनुसार त्या गावात नांदणारे भाषाभेद त्या बिंदूतच लुप्त होतात. महाराष्ट्रात ही उणीव किरकोळ मानता येणार नाही. ज्याचे बोलणे नोंदले जात नाही, तो समाज नकाशावर उरतच नाही.

म्हणून प्रबंधातील प्रत्येक बोली-नकाशाने किती गावे, किती निवेदक, कोणत्या वयाचे व समाजगटांचे, आणि नेमके कोणते भाषिक वैशिष्ट्य, हे नकाशाजवळच नमूद करावे. रंग त्यानंतर भरावा. आणि जेथे कोणाचेच बोलणे ऐकलेले नाही, तेथे नकाशा कोरा ठेवण्याचे धैर्य संशोधकाने दाखवावे.