आधी ड्रम लावा!

मिक्सिंगसाठी माझ्याकडे येणाऱ्या फोल्डरांत हल्ली गाणं कमी आणि माइक जास्त असतात. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये वाजवलेला ड्रम किट, आणि त्याचे ट्रॅक बारा. किक आतून, किक बाहेरून, स्नेअर वरून, स्नेअर खालून, हाय-हॅट, तीन टॉम, दोन ओव्हरहेड आणि शिवाय ‘रूम’ नावाचे दोन. रूम! पलंग उभा करून भिंतीला टेकवल्याशिवाय जिथे फ्लोअर टॉम मावत नाही, त्या खोलीच्या प्रशस्तपणाची ही स्टिरिओत नोंद. सोबत निरोप असतो, ‘‘दादा, किक जरा बॉनहॅमसारखी करा ना. इक्यूने होईल.’’ होणार नाही. बारा ट्रॅक लावून आवाजाचे बारा वाजवलेत, ते इक्यूने निस्तरत नाही.

इक्यू हे सगळ्यात शेवटचं काम. आपल्या घरगुती रेकॉर्डिस्टांनी ते पहिलं करून ठेवलंय, कारण ते खुर्चीत बसून करता येतं. बाकीच्या कामांना उठावं लागतं.

आपल्याकडे मैफलीत तबलजी हातोडी घेऊन गट्ठे ठोकत बसतो, गायक सूर देऊन थांबतो, श्रोते थांबतात आणि कुणी घड्याळ बघत नाही. सूर उतरला तर भर मैफलीतही तो पुन्हा लावून घेतला जातो. त्याच घरातला नातू ड्रम वाजवतो तेव्हा मात्र किटची चावी कुठाय विचारलं की चेहरा कोरा. स्नेअरच्या स्किनवरचा पांढरा थर मधोमध उडालेला, टॉमच्या स्किनला काठ्यांचे खड्डे, आणि खालची स्किन तर किट घरी आल्यापासून कुणी डोळ्यांनी पाहिलेली नसते. टॉम ‘डुंऽऽ’ करत घुमतो म्हणून त्यावर सेलोटेप, त्यावर टिश्यू पेपर, पुन्हा सेलोटेप. अरे, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळा, प्रत्येक स्क्रूपाशी काठापासून दोन बोटं आत टिचकी मारा, सगळीकडे एकच सूर येतो का ते ऐका. अर्ध्या तासाचं काम आहे. अर्धा तास नाही म्हणतात, आणि मग तीन रात्री 400 हर्ट्झ कापत बसतात.

बरं, ड्रम लागला असं समजू. आता माइक. स्नेअरच्या काठापासून दोन बोटांवर एक माइक आणि डोक्यावर मीटरभर उंचीवर ओव्हरहेड. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे तीच थाप ओव्हरहेडपर्यंत जवळपास 3 मिलिसेकंद उशिरा पोचते. हे दोन ट्रॅक एकत्र केले की 170-180 हर्ट्झच्या आसपास एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. स्नेअरचा भरीवपणा नेमका 150 ते 250 च्या पट्ट्यात असतो. मग आमचे वीर काय करतात? आवाज पोकळ वाटतो म्हणून दोन्ही ट्रॅकवर 200 ला 6 डेसिबल चढवतात. खड्डा जिथल्या तिथे. मग आणखी एक प्लगइन, मग त्याचं ट्यूटोरियल.

याचा उपाय फुकट आहे. गोलावर तिरकी रेघ असलेलं पोलॅरिटीचं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं. ते दाबून आणि सोडून बघा, ज्या बाजूला स्नेअर जाड लागेल ती बाजू ठेवा. नाहीतर उठा आणि माइक चार बोटं सरकवा. दोन ओव्हरहेड असतील तर स्नेअरच्या मध्यापासून सुतळीने दोघांचं अंतर मोजा आणि सारखं करा. सुतळी वाण्याकडे मिळते, तिचं सबस्क्रिप्शन घ्यावं लागत नाही.

कोथरूडमधल्या एका फ्लॅटवर स्नेअरच्या ट्रॅकमध्ये हाय-हॅट नुसती खणखणत होती. मुलगा म्हणाला, ‘‘5 हजारला चढवलं तर हॅट वर येते, कापलं तर स्नेअर मरते.’’ बरोबरच आहे, एकाच माइकमध्ये दोघी आल्यावर इक्यू त्यांची वाटणी कशी करणार? त्याचा माइक होता एसएम57. हा माइक 1965 पासून बाजारात आहे आणि त्याला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं. मी त्याची शेपूट हॅटकडे वळवली, तोंड स्नेअरच्या मध्याकडे ठेवलं आणि वाजव म्हटलं. हॅट मागे गेली. पोराने लगेच लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. मी कोणतं प्लगइन लावलं, ते शोधत होता.

आणि खोली! दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपास लाट अडकून उभी राहते. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांना तोच आकडा, म्हणजे दुखणं दुप्पट. एका कोपऱ्यात किक छातीवर बसते, दोन पावलं सरकलात की गायब. अशा खोलीत वाजवायचं, त्याच खोलीत स्पीकर लावून ऐकायचं आणि 60 ला किती चढवायचं ते ठरवायचं. ठरवते कोण, तर भिंत! तिच्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही. ट्रेने आणि इंचभर जाडीच्या फोमने फार तर वरचे स्वर थोडे शोषले जातात, खालचे हसत निघून जातात. त्यापेक्षा घरातल्या कापसाच्या जाड गाद्या बाहेर काढा. एक किटमागे उभी करा, एक ओव्हरहेडच्या वर छताला टांगा, कारण आपल्या फ्लॅटचं छत साडेनऊ फुटांवर असतं आणि तिथून परतणारा आवाज त्या माइकमध्ये दुसऱ्यांदा घुसतो. एवढ्याने 56 हर्ट्झ जिरणार नाही, हे मान्य. पण सिम्बलचा पत्र्यासारखा कर्कशपणा बराच उतरेल.

आता बॉनहॅम, म्हणजे लेड झेपेलिनचा ड्रमर. त्या बँडचा पहिला आल्बम 1968 मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, तेव्हाचा इंजिनिअर ग्लिन जॉन्स. त्याच्या नावाने आज जी पद्धत सांगतात तिच्यात माइक तीन किंवा चार : एक स्नेअरच्या वर साधारण 40 इंचांवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, स्नेअरपासून तेवढ्याच अंतरावर, एक किकला आणि वाटलं तर एक स्नेअरला. पुढे 1971 च्या आल्बममधल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी त्याचा धाकटा भाऊ अँडी जॉन्स याने हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात किट मांडला आणि जिन्यात वर दोन बायरडायनॅमिक एम160 टांगले. दोन! किकपाशी एकही नाही. त्याआधी 1966 मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेळी जेफ एमरिकने रिंगोच्या किकमध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक तेव्हाच्या नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला. यातल्या प्रत्येकाने बटणाला हात लावण्याआधी हातपाय हलवले होते.

‘त्यांच्याकडे हवेली होती, आमच्याकडे वन बीएचके आहे,’ हा आक्षेप मला पाठ आहे. खरा आहे. म्हणूनच तर म्हणतो, ज्या खोलीत जिनाच नाही तिच्या आवाजाचे दोन ट्रॅक कशाला? लहान खोलीत माइक कमी, गाद्या जास्त आणि वाजवणाऱ्याने सिम्बल जरा हलक्या हाताने मारायची. हे शेवटचं ड्रमरला सांगायची हिंमत कुणाकडे नसते, म्हणून सगळेच 8 हजारच्या पुढे कापत बसतात.

या सगळ्यामागे एक धंदा आहे, तेही बोलून टाकतो. सात माइकांची पेटी विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला खोली केवढी आहे हे विचारत नाही. ‘पंच’ आणि ‘फॅट’ नावाचे प्रीसेट विकणाऱ्याला तुमची स्नेअर कोणत्या सुराला लावली आहे हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, तरी तो 200 ला चार आणि 5 हजारला सहा असं छातीठोक सांगतो. आणि एवढं करून आवाज फसलाच, तर प्रत्येक थापेच्या जागी दुसऱ्याच कुणाचा तरी तयार नमुना बसवायचा. ठरवून बसवलात तर माझी हरकत नाही, शेजारी पोलिसांना बोलावतात त्या सोसायटीत तेच शहाणपणाचं. पण मग बेडरूममध्ये बारा माइक उभे करून पलंग भिंतीला लावायचं नाटक कशासाठी? त्यापायी दहा बँडच्या गाण्यांत एकच स्नेअर ऐकू येते आणि दहाही जण आपल्या ‘सिग्नेचर साउंड’बद्दल बोलतात.

मी इक्यू वापरतच नाही असं नाही. किकमध्ये 300-400 च्या आसपास थोडं काढतो, ओव्हरहेडचा तळ कापतो, कधी 3-4 हजारला बीटरची टोच जराशी वर आणतो. हे सगळं संपूर्ण गाणं चालू ठेवून. एकटी स्नेअर सोलो करून तिला नटवणाऱ्यांनी बाकीची वाद्यं सुरू करून बघावं, ती नटवलेली स्नेअर सापडत नाही.

तेव्हा येत्या रविवारी नवी स्किन चढवा, ड्रम लावा, तीन माइक मांडा, सुतळीने मोजा आणि इक्यू बंद ठेवून एक गाणं रेकॉर्ड करा. ते मला पाठवा, आनंदाने ऐकेन. बारा ट्रॅकवालं फोल्डर मात्र आता दुसऱ्या कुणाला पाठवा.