पूर्वपक्षाला प्रवेश नाही

भाच्याच्या हट्टापायी त्याच्या पोरांसाठी डॅलसजवळची एक शाळा बघायला गेलो. खासगी, ख्रिस्ती आणि ‘क्लासिकल’. हा तिसरा शब्द प्रवेशाच्या बाईंनी तासाभरात इतक्यांदा उच्चारला की मी मोजायचं सोडून दिलं. ब्लेझर घातलेली पोरं रांगेत उभी, आणि एका वर्गातून सुरात आवाज येत होता: आमो, आमास, आमात. मी वाईचा, 34 वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेला. ‘भवति भवतः भवन्ति’चा हा लॅटिन मावसभाऊ ऐकून छाती भरून आली, खोटं कशाला बोलू? पाठांतराला नाकं मुरडणाऱ्या आपल्या शिक्षणतज्ज्ञांना तिथं आणून उभं करावंसं वाटलं. पंधरा मिनिटं मी पार विरघळलो होतो.

मग बाईंनी माहितीपुस्तिका उघडली. लहानपणी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व, म्हणजे ट्रिव्हियम. ‘‘हजारो वर्षांची परंपरा,’’ बाई म्हणाल्या.

कसली हजारो वर्षं! मध्ययुगात हे तीन विषय होते, मुलांच्या वयाच्या पायऱ्या नव्हत्या. लहान वय पोपटपंचीचं, मधलं उलट उत्तरांचं, पुढचं काव्यमय, ही वाटणी केली डोरोथी सेयर्स या इंग्रज रहस्यकथालेखिकेनं, 1947 साली ऑक्सफर्डला वाचलेल्या एका निबंधात. आणि शिकवण्याचा आपला अनुभव फारच तुटपुंजा आहे, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं. तिच्याइतका प्रामाणिकपणा पुढच्यांना झेपला नाही. 1981 साली आयडाहोतल्या मॉस्को गावात डग्लस विल्सन या पाद्र्यानं शाळा काढली, 1991 साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि तिथून हे लोण अमेरिकाभर गेलं. म्हणजे ही सनातन परंपरा माझ्या लग्नापेक्षा एका वर्षानं धाकटी. परवा उघडलेल्या हॉटेलावर ‘पेशवाई थाळी’ लिहितात, त्यातलीच गत.

पण नव्या मालाला जुनं लेबल लावलं म्हणून मी एवढा भडकलो नसतो. भडका उडाला तर्काच्या वर्गात. फळ्यावर हेत्वाभासांची यादी होती, चांगली होती. मी विचारलं, ‘‘वादात समोरची बाजू कोण मांडतं?’’ ‘‘मुलंच, आलटून पालटून.’’ ‘‘पण ती बाजू खरोखर मानणारा कोणी आहे का इथं?’’ बाई गोड हसल्या. शिक्षकांनी विश्वासांगीकारावर सही केलेली असते. आईबापांपैकी एक तरी श्रद्धावान लागतो, आणि अर्जासोबत पाद्र्याचं पत्र जोडावं लागतं. म्हणजे देव न मानणारा, मुसलमान, ज्यू, आमच्यासारखा हिंदू, सगळे फाटकाबाहेर; आत फक्त त्यांची सोंगं. सिद्धान्त आधीच सही होऊन कपाटात बंद, आणि पोरांना शिकवणार तर्क!

शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू मांडतात, तोही असा की खुद्द पूर्वपक्ष्यानं मान डोलवावी. हे काही फक्त आपलंच नव्हे. ज्या ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या नावानं या मंडळींची सकाळ उजाडते, तो प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधकांच्या आक्षेपांनी करतो. ॲरिस्टॉटल समजून घेताना तो कॉर्डोव्हाच्या इब्न रश्द या मुसलमानाचा आधार घेतो, त्याच्याशी कडाकडा भांडतो आणि तरी त्याला आदरानं नुसतं ‘भाष्यकार’ म्हणतो. त्या भाष्यकाराला या शाळेत शिपायाचीही नोकरी मिळाली नसती. आमच्या पंडिता रमाबाईंची काय कथा? बाप्तिस्मा घेतल्यावरही इंग्लंडमधल्या जोगिणींशी त्या त्रैक्यावरून हुज्जत घालत राहिल्या, आणि पुढं केडगावात हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. सहीच्या रांगेत त्याही अडल्या असत्या.

आणि हे निव्वळ लॅटिनचं वेड असेल असा भोळा समज नको. याच विल्सननं 1996 साली एका सहलेखकाबरोबर पुस्तिका काढून दक्षिणेतली गुलामगिरी सांगतात तितकी वाईट नव्हतीच, असा युक्तिवाद केला. वक्तृत्व शिकवायचं ते यासाठी? 2022 साली या शाळांच्या संघटनेच्या अध्यक्षासोबत पीट हेगसेथ यांनी पुस्तक लिहिलं, सरकारी शाळांविरुद्ध रणशिंग फुंकणारं. 2025 साली ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी टेक्सासनं खासगी शाळांच्या फीसाठी 100 कोटी डॉलर बाजूला काढले, मुलामागे साधारण दहा हजार. फाटक ज्यांना बंद, त्यांच्याही करातून. स्वतःच्या पैशानं स्वतःच्या पोरांना काय हवं ते घोकवा, माझी ना नाही. माझ्या भाच्याच्या खिशात हात घालून त्यालाच दारावर अडवता, ही कुठली अभिजात रीत?

पण भाच्याला याचं काहीच वाटत नाही. त्याला लॅटिन नको, अक्वायनस नको. गल्लीतल्या सरकारी शाळेत ‘कसलीही’ पोरं येतात, ती नकोत. ‘कसलीही’ म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला. ही जात मी ओळखतो. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतल्या जागेसाठी खोटा उत्पन्नाचा दाखला काढणारे बाप पुण्यात मी पाहिले आहेत. हा त्यांचाच डॉलर कमावणारा चुलतभाऊ. ज्या कुंपणाबाहेर तो स्वतः उभा आहे, त्याच कुंपणाची त्याला ओढ.

काल रात्री जेवताना म्हणाला, ‘‘मामा, पलीकडे एक चर्च आहे. तीनचार महिने नियमित गेलं की पाद्री पत्र देतात म्हणे. रविवारी तुम्हीही चला.’’ भाचेसुनेनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढूनही ठेवला होता.