फॉर्मचे नियम दुकानदाराने ठरवावेत

आमचे अनेक व्यापारी व कारागीर बांधव आता धंद्यासाठी वेबसाइट करून घेतात. रंग आणि फोटो यांवर भरपूर चर्चा होते. परंतु ऑर्डरच्या फॉर्ममधील कोणत्या रकान्यात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे सर्रास प्रोग्रामरवर सोडले जाते. ही चूक महागात पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिनकोड चुकला की पार्सल परत येते व दोन्ही वेळचे भाडे आपल्याच खिशातून जाते. म्हणून जेथे साचा ठरलेला आहे, तेथे नियम कडकच हवा. पिनकोड 6 अंकी असतो व त्याचा पहिला अंक 0 नसतो. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. त्यात पहिले 2 अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27) आणि पुढची 10 अक्षरे पॅनची असतात. एचटीएमएलमध्ये ‘पॅटर्न’ लिहून असा साचा देता येतो. मात्र रिकामा रकाना त्याने अडत नाही. त्यासाठी ‘रिक्वायर्ड’ही लिहावे लागते.

माणसाच्या नावाला मात्र साचा नसतो. फक्त इंग्रजी अक्षरेच घ्यायची असा नियम केला, तर ‘मो.’ मधले टिंब अडते आणि देवनागरीत किंवा उर्दूत नाव लिहिणाराही अडतो. आडनाव सक्तीचे केले, तर एकच नाव असलेल्याला खोटे आडनाव लिहावे लागते. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ‘तुमचे नावच चुकीचे आहे’ असे आपण कधी सांगतो काय?

आणखी एक गोष्ट. ब्राउजरमधील तपासणी ही केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीची आहे. ती टाळून कोणीही वाटेल ती माहिती पाठवू शकतो. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा झालीच पाहिजे. मालाची किंमत तर फॉर्ममधून घेऊच नये, ती आपल्या भावयादीतूनच घ्यावी.

तेव्हा बांधवांनो, काम देण्यापूर्वी रकान्यांची यादी कागदावर मांडा. प्रत्येकापुढे नियम लिहा आणि चूक झाल्यास दिसणारे वाक्यही लिहा. ‘माहिती अवैध’ असे नको, ‘पिनकोड 6 अंकी लिहावा’ असे हवे. कोड प्रोग्रामर लिहील. पण गिऱ्हाईक आपले आहे, त्याला आपल्याइतके कोण ओळखणार?