यंत्राची चाळणी आणि अहेरीचा पत्ता

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ३ डिसेंबर २०२५ रोजी एक नियम जाहीर केला. १५ डिसेंबरपासून एच-१बी व्हिसावरील नोकरदारांची आणि एच-४ व्हिसावरील त्यांच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमांवरील खाती तपासली जातील, म्हणून अर्जदारांनी ती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, असा त्याचा आशय होता. विद्यार्थ्यांना हाच नियम त्या वर्षीच्या जूनपासून लागू होता. नियम जाहीर झाला तेव्हा अनेक भारतीय नोकरदार पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेण्यासाठी सुट्टी काढून मायदेशी आले होते किंवा निघण्याच्या तयारीत होते. डिसेंबरच्या उत्तरार्धातील त्यांच्या मुलाखती एका ईमेलने पुढे ढकलल्या गेल्या. कुणाला मार्च २०२६ ची तारीख मिळाली, कुणाला त्याहूनही पुढची. जुन्या तारखेला येणाऱ्यास आत घेतले जाणार नाही, हेही दूतावासाने जाहीर केले.

एवढी माणसे एकाच वेळी भारतात का आली, याचे उत्तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आहे. त्यापूर्वी व्हिसाचे नूतनीकरण बहुतेकांना मुलाखतीवाचून, कागदपत्रे पेटीत टाकून करता येत असे. कुणी कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन काम उरकून येई. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची ही सवलत बहुतांश बंद झाली आणि ६ सप्टेंबरला अर्ज स्वतःच्या देशात किंवा वास्तव्याच्या देशातच करण्याची सूचना निघाली. दोन्ही वाटा बंद झाल्यावर मायदेशी येण्यावाचून उपाय उरला नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के भारतीयांचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या घोळाचा भार कुणावर पडला ते सांगायला नको.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या घरांचा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी हे प्राणहितेच्या काठचे, रेल्वे नसलेले गाव. आलापल्लीचे सागवान, तेंदूपाने, मोहफूल, धान आणि आठवडी बाजार यांवर तेथील व्यापार उभा राहिला. अशा गावातील व्यापारी घरांतली मुलेही आता नागपूर किंवा हैदराबादमार्गे परदेशी कंपन्यांच्या नोकरीत पोहोचतात. अशा घरातील मुलगा व्हिसासाठी आला आणि अडकला, की दुकानावरच्या माडीवर कार्यालय थाटले जाते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते; खाली दुकानाची शटर पडते तेव्हा वर त्याचा कामाचा दिवस सुरू होतो. नेटवर्क टिकले तर बैठक पार पडते. सासूबाईंना सून घरी असल्याचा आनंद असतो, आणि ती दिवसा झोपते याचे कोडेही.

या मुक्कामात व्यापारी घराने पहिला हिशेब मांडावा तो कराचा. पगार डॉलरमध्ये आणि अमेरिकी बँकेत जमा होत असला, तरी भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतात मिळवलेले उत्पन्न ठरतो. त्यावर येथे प्रत्यक्ष कर लागेल की दोन देशांतील करारामुळे सूट मिळेल, हे मुक्कामाचे दिवस आणि पगार देणारी कंपनी यांवर ठरते. एप्रिल ते मार्च या वर्षात मुक्काम १८२ दिवसांवर गेला, तर माणूस करासाठी भारताचा रहिवासी होतो आणि त्याच्या परदेशातील उत्पन्नाचाही प्रश्न उभा राहू शकतो. भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक असणाऱ्यांसाठी ही मर्यादा १२० दिवसांपर्यंत खाली येते. दुकानातील भागीदारी मुलाच्या नावे असेल, तर हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. दिवाळीची, लग्नाची चक्करही याच बेरजेत येते. १५ डिसेंबर ते ३१ मार्च एवढ्यातच १०७ दिवस होतात. काही कंपन्या विशिष्ट मुदतीपलीकडे भारतातून काम करू देत नाहीत, कारण त्यांनाही येथे कर भरावा लागण्याची भीती असते. म्हणून मुलाखतीची तारीख पुढे गेल्याबरोबर सनदी लेखापालाशी बोलणे हे काळजी करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे.

आता चाळणीकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सांगितले, की वैध व्हिसा असलेल्या साडेपाच कोटींहून अधिक परदेशी नागरिकांची तपासणी सतत चालू राहते. एवढ्या नोंदी माणसे वाचू शकत नाहीत. संगणक नावे जुळवतो आणि जुळलेली बाजूला काढतो. हे काम किती ठोकळ होऊ शकते, ते त्याच वर्षीच्या वसंतात दिसले. परदेशी विद्यार्थ्यांची सुमारे १३ लाख नावे पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदवहीशी ताडून पाहण्यात आली. सुमारे ६,४०० ठिकाणी जुळणी निघाली आणि त्यातून हजारो विद्यार्थ्यांची नोंद रद्द झाली. त्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. वाहतुकीचा किरकोळ नियमभंग, मागे घेतलेली तक्रार, निर्दोष सुटका, हे सारे तेथे असू शकते. न्यायालयांत दाव्यांची रांग लागली आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे मान्य केले. तेथील स्थलांतर-वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांपैकी निम्मे विद्यार्थी भारतीय होते.

ब्रिटनमधील उदाहरण व्यापाऱ्याला अधिक लवकर समजेल. तेथील गृहखाते २०१५ पासून व्हिसाच्या अर्जांना संगणकाकरवी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत असे आणि त्यात अर्जदाराचे राष्ट्रीयत्व हा एक निकष होता. लाल रंगाच्या अर्जाची छाननी कडक, म्हणून नकार अधिक; नकार अधिक, म्हणून त्या देशाचा धोका अधिक; आणि म्हणून पुढच्या अर्जालाही लाल रंग. एखाद्या दुकानदाराने एका गावाला उधारी देणे बंद करावे आणि पुढे त्या गावाच्या खात्यावर एकही जमा दिसत नाही म्हणून ते गाव बुडवे ठरवावे, तसा हा प्रकार. दोन संस्थांनी न्यायालयात आव्हान दिल्यावर सुनावणीपूर्वीच ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने ती पद्धत थांबवली.

जुन्या काळी खिडकीपलीकडचा कारकून निःपक्षपाती होता, असे कुणी म्हणणार नाही. त्याचे पूर्वग्रह होते, कंटाळा होता, जेवणाची सुट्टीही होती. परंतु त्याला विचारता येत असे. आता अर्जदाराच्या हाती कलम २२१-जी ची एक चिठ्ठी पडते. प्रकरण पुढील प्रक्रियेत आहे, एवढेच तिच्यावरून कळते. ती प्रक्रिया चार दिवस चालेल की चार महिने, आणि अडले ते नेमके कशावर, हे बहुधा कळत नाही. तिकडे घराचे भाडे चालू राहते, मुलांची शाळा बुडते आणि नोकरी किती दिवस थांबेल हे कुणी सांगत नाही.

सर्वच देश एका पद्धतीने वागतात असे नव्हे. कॅनडाने २०१८ पासून चीन आणि भारतातील तात्पुरत्या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जांची संगणकीय वर्गवारी सुरू केली. सोपे अर्ज यंत्र पुढे सारते, परंतु नकार देण्याचा अधिकार अधिकाऱ्यालाच आहे, अशी तेथील सरकारची भूमिका आहे. अशा यंत्रांच्या परिणामांचे मूल्यमापन प्रसिद्ध करण्याचे बंधनही तेथे आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने स्थलांतर आणि सीमातपासणीतील अनेक प्रणाली अधिक धोक्याच्या वर्गात घातल्या. दुसरीकडे, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवून मुक्कामाचे दिवस यंत्रानेच मोजण्यास आरंभ झाला. दीर्घ मुदतीचा व्हिसा असणारे त्यातून वगळले आहेत. मात्र अल्पमुदतीच्या व्हिसावर अँटवर्पला हिऱ्यांसाठी वारंवार जाणाऱ्यांचे १८० दिवसांतले ९० दिवस आता शिक्के चाळून मोजले जाणार नाहीत. एका दिवसाची चूकही यंत्राला दिसेल. स्पेन, पोर्तुगाल, थायलंड यांनी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा काढले आहेत. ते घेणाऱ्यांनी उत्पन्नाचा पुरावा आणि प्रत्यक्ष काम यांत तफावत राहू देऊ नये.

यंत्र नावे जुळवते, आणि घोटाळा तेथेच होतो. ‘जैन’ हे आडनाव लावणारी माणसे देशभर लक्षावधी आहेत. त्यांतील कितीतरींचे पहिले नावही एकच. कुणी शाळेत गोत्र लावतो आणि पासपोर्टवर ‘जैन’. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल, तर अमेरिकी व्हिसावर असलेले नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, अशी अक्षरे येतात. अहेरीकडे आणखी एक गुंता आहे. नदीपलीकडच्या तेलुगू कागदांत घराण्याचे नाव आधी लिहितात, तेही पुष्कळदा एका अक्षरात. हैदराबादला शिकलेल्या मुलाच्या पदवीवर एक क्रम आणि आधार कार्डावर दुसरा, असे होऊ शकते.

गावाच्या नावाचेही तसेच. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यापूर्वी अहेरीत जन्मलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा चंद्रपूर असतो. आणखी मागे गेल्यास चांदा. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘अहिरी’ असेही लिहिलेले आढळते. आई-वडिलांना मुलाकडे कायमचे न्यायचे असेल, तेव्हा जन्मदाखला आणि पासपोर्ट यांतील ही तफावत पुढे येते. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही, त्यांना नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. हे कागद पुतण्याच्या लग्नाच्या गडबडीत होत नाहीत. साक्ष देणारे वडीलधारे हयात आहेत तोवर ते करून ठेवावेत.

अर्जात मागील ५ वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे विचारली जातात. विसरलेले जुने खाते न सांगणे हे त्यावरील एखाद्या मजकुरापेक्षा अधिक अडचणीचे ठरू शकते. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सारे पुसून टाकणेही शहाणपणाचे नाही. रिकाम्या खात्याबद्दलही प्रश्न येतो. नोकरीचा हुद्दा, कंपनीचे नाव आणि तारखा अर्जात, नोकरीच्या पत्रात आणि व्यावसायिक खात्यावर सारख्याच असाव्यात. अहेरीकरांना मुंबईपेक्षा हैदराबादचे वाणिज्य दूतावास जवळ पडते, आणि भारतातील कोणत्याही केंद्रावर तारीख घेता येते. तेथील तारखाही पाहाव्यात.

नामसाधर्म्यामुळे विमानतळावर वारंवार थांबवले जाणाऱ्यांसाठी अमेरिकी गृहसुरक्षा खात्याने २००७ पासून तक्रारीची एक वेगळी सोय ठेवली आहे. अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. चौकशीनंतर प्रवाशाला एक क्रमांक मिळतो, तो तिकीट काढताना भरायचा असतो. व्हिसाचा नकार त्याने फिरत नाही. त्याच नावाचा दुसरा माणूस आणि आपला मुलगा हे दोन वेगळे आहेत, एवढी नोंद मात्र यंत्रात होते.