रिकाम्या रस्त्याचे व्याकरण

गेल्या वर्षी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने भरवलेल्या आंतरविद्याशाखीय चर्चासत्राला जाण्याचा योग आला. मराठीच्या प्राध्यापिकेला तिथे का बोलावले होते हे मला अखेरपर्यंत उमगले नाही. बहुधा 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर छापला की भाषेचे एखादे माणूस सभागृहात असावे लागते. एका तरुण संशोधकाने शहरातील प्रवासवेळेच्या पूर्वानुमानावर निबंध वाचला. निबंध चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. तो संपल्यावर मी विचारले, की या प्रवासवेळेत रस्ता ओलांडायला लागणारा वेळ धरला आहे काय? तो क्षणभर थांबला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तो प्रवास नाही."

या तीन शब्दांशी माझे भांडण आहे. त्या मुलाशी नाही.

परंतु त्याआधी आपल्या गोटाचा समाचार घेणे भाग आहे. वाहतूककोंडी हा विषय निघाला की आपण साहित्यवाले दोनच गोष्टी करतो. एक तर यंत्रयुग, वेग, महानगरी माणसाचे तुटलेपण वगैरे ठेवणीतली शब्दकळा बाहेर काढतो, किंवा बैलगाडीच्या काळाबद्दल हळवे होतो. (बैलगाडीच्या काळात बैलगाडीतून कोणाला जाता येत होते आणि कोणाला तिच्या मागून चालावे लागत होते, हा प्रश्न त्या हळवेपणात बुडून जातो.) आकडे आले की 'ते आमचे क्षेत्र नव्हे' असे म्हणून आपण हात झटकतो. परिणामी शहराविषयी बोलण्याची नामे आणि क्रियापदे कोणी ठरवायची, हा शुद्ध भाषेचा प्रश्नही आपण वाहतूक अभियंत्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

आणि हे शास्त्र कंटाळवाणे आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९३० च्या दशकात ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने ओहायोमध्ये रस्त्याकडेला चलच्चित्राचा कॅमेरा लावून वाहनांची दाटी आणि त्यांचा वेग यांचे नाते शोधले, तिथपासून ही परंपरा सुरू होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सोडल्या. चालकांना सांगितले, की एकाच संथ वेगाने फिरत राहा. अडथळा नाही, चौक नाही, सिग्नल नाही. तरीही काही वेळाने कोणाच्याही चुकीशिवाय कोंडी उत्पन्न झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकू लागली. वॉर्ड्रॉप या ब्रिटिश संशोधकाने १९५२ साली मांडलेला भेद तर एखाद्या नीतिकथेसारखा आहे : प्रत्येक जण आपापला सर्वांत लवकरचा मार्ग निवडतो तेव्हा जी स्थिती येते आणि सर्वांचा मिळून सरासरी वेळ कमीत कमी होतो ती स्थिती, या दोन्ही एक नव्हेत. ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये त्यापुढे जाऊन दाखवले, की काही रस्तेजाळ्यांत एक नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास लांबतो. इतक्या थोड्या चिन्हांत स्वार्थ आणि सार्वजनिक हित यांतील ताण मांडणारे लेखन आपल्याकडे किती आहे?

तेव्हा तक्रार शास्त्राविरुद्ध नाही. ती त्याच्या भाषेत मुरलेल्या एका कल्पितकथेविरुद्ध आहे.

ही कल्पितकथा म्हणजे रिकामा रस्ता. विलंब मोजायचा तर कशाच्या तुलनेत? उत्तर ठरलेले आहे : 'मुक्तप्रवाह' वेळेच्या. म्हणजे रस्त्यावर दुसरे कोणी नसताना एक मोटार जितक्या वेळात जाईल तो वेळ. १९६४ साली अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने रूढ केलेले आणि अजूनही जगभर वापरले जाणारे सूत्र या मुक्तप्रवाह वेळेपासूनच आरंभ करते आणि वाहने वाढतील तसा त्यात दंड मिळवत जाते. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या अहवालात पुणे जगातील चौथ्या क्रमांकाचे मंदगती शहर ठरले. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. वृत्तपत्रांनी मथळे दिले, आपण माना डोलावल्या. या अहवालांतील कोंडीची टक्केवारीही मोकळ्या रस्त्याच्या तुलनेतच काढलेली असते. थोडक्यात, शहराचा आदर्श म्हणजे पहाटे तीनचे शहर. दुकाने बंद, शाळा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि एक एकटा मोटारवाला सुसाट चालला आहे. बाकी आपण सारे, म्हणजे शाळेची मुले, भाजीवाली, बसच्या थांब्यावरची माणसे, त्या आदर्शापासून झालेले विचलन.

अतिशयोक्ती वाटत असेल तर परिभाषा पाहावी. रस्त्याकडेला उभे राहणारे, चालणारे, विकणारे, बसथांब्यावर चढणारे-उतरणारे या सर्वांसाठी या शास्त्रात एक संज्ञा आहे, तिचे मराठी 'पार्श्वघर्षण' असे होईल. इंडोनेशियाच्या १९९७ च्या रस्ताक्षमता-पुस्तिकेत या घर्षणाच्या रीतसर श्रेणी लावल्या आहेत. पथारीवाला म्हणजे घर्षण. एखाद्या कादंबरीकाराने आपल्या पात्रांना असे नाव दिले असते तर आपण त्याच्यावर चार परिसंवाद घेतले असते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेतील कोष्टकही वाचनीय आहे. आपल्या रस्त्यांवर नाना प्रकारची वाहने असतात, म्हणून सगळ्यांचे रूपांतर 'मोटार-एककां'त करायचे. मोटार म्हणजे १. सायकल ०.४ ते ०.५. हातगाडी २ ते ३. बस २.२ ते ३.७. न्यायाने सांगायचे तर हे एकक माणसे मोजण्यासाठी नाहीच. एखादे वाहन रस्त्याची किती जागा अडवते, एवढेच त्यातून पाहायचे असते आणि त्या मर्यादेत ते उपयुक्तही आहे. परंतु कोष्टके आपल्या मर्यादेत राहत नाहीत. चौकातील सिग्नल एककांच्या हिशोबाने बेतला, की साठ माणसांची बस ही पावणेचार मोटारींची अडचण होऊन बसते. मोटारीमागे दीड माणूस धरले तर तीच साठ माणसे चाळीस मोटारींत बसतील, हा दुसरा हिशोब त्याच कागदावर करता येतो. तो करावा असे कोष्टक सांगत नाही, इतकेच. आणि पादचारी? तो कोष्टकात नाही. शून्यसुद्धा नाही.

मग पैशाचे गणित येते. नवा रस्ता किंवा पूल समर्थनीय आहे की नाही हे ठरवताना 'वाचलेला वेळ' रुपयांत मांडतात. ('वाचणे' या एका धातूत आपण ग्रंथ आणि जीव दोन्ही बसवले आहेत; त्यात हा तिसरा अर्थ येऊन बसला.) आपल्याकडच्या रूढ पद्धतीत मोटारीतील प्रवाशाचा तास बसमधल्या प्रवाशाच्या तासापेक्षा महाग धरतात. हा काही निसर्गनियम नव्हे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाला श्रीमंत-गरीब न पाहता एकच राष्ट्रीय सरासरी मूल्य लावण्याची प्रथा राहिली, आणि तीही समतेच्या कारणाने, जाणूनबुजून. म्हणजे इथे निवड असते. निवड असते तिथे मूल्यविचार असतो, आणि तिथे 'ते आमचे क्षेत्र नव्हे' असे म्हणण्याची सोय आपल्याला राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला तेव्हा वीस मिनिटांत पार, असा गजर झाला. त्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. सुरक्षिततेची कारणे असतील, ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु 'मुंबईकरांचा वेळ वाचला' या वाक्यातला मुंबईकर कोण, एवढे विचारण्याइतके व्याकरण आपल्याला नक्की येते.

व्याकरणाचेच निघाले म्हणून. 'कोंडणे' हे सकर्मक क्रियापद आहे. कोणीतरी कोणाला तरी कोंडतो. त्याचे 'कोंडी' हे नाम झाले आणि कर्ता अदृश्य झाला. कोंडी 'होते', पाऊस पडावा तशी. मी कोंडीत 'अडकले' असे आपण म्हणतो. चारचाकीत एकटी बसून आलेली मीच काही मीटर कोंडी होते, असे म्हणत नाही.

आता माझ्या प्रश्नामागची गोष्ट. माझी आई ७८ वर्षांची आहे. आमच्या घरासमोरच्या रस्त्यापलीकडे वाचनालय आहे. तीस वर्षे ती तिथे जात होती. तीनएक वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, दुभाजक आला, चौकातला सिग्नल नव्याने बसला. चालण्याचा हिरवा दिवा बेतताना सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर असा वेग धरतात. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर वीस सेकंद झाले. आईचा वेग मी मोजला आहे, तो ०.८ आहे, तिला तीस सेकंद लागतात. उरलेल्या दहा सेकंदांत काय होते हे ज्याने हॉर्नच्या गजरात म्हातारे माणूस रस्त्याच्या मध्यावर थबकलेले पाहिले आहे त्याला सांगायला नको. दोनदा तसे झाल्यावर ती म्हणाली, "तूच आणत जा गं पुस्तकं." तेव्हापासून मी आणते. मी आणलेली तिला बहुधा आवडत नाहीत.

सिग्नलच्या वेळा बसवण्याचे अभिजात सूत्र वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये दिले. चौकातील एकूण विलंब कमीत कमी व्हावा, हे त्याचे उद्दिष्ट. एकूण म्हणजे वाहनांचा. नंतरच्या प्रणाली कितीतरी हुशार झाल्या, वाहने पाहून क्षणोक्षणी वेळा बदलू लागल्या, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली. परंतु बेरजेत कोणाला घ्यायचे हे जोवर कोणी बदलून सांगत नाही तोवर यंत्र तीच बेरीज अधिक वेगाने करणार. प्रवासवेळेच्या पूर्वानुमानाचे बरेचसे इंधन म्हणजे वाहनांतून सरकणारे फोन. वाचनालयात न गेलेल्या बाईचा फोन सरकत नाही. न झालेला प्रवास विदेत उमटत नाही, आणि जो उमटत नाही त्याला विलंबही झालेला नसतो.

२०२० मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलावंताने ९९ जुने फोन एका छोट्या हातगाडीत घातले आणि बर्लिनच्या रस्त्यांतून ती शांतपणे ओढत नेली. गूगलच्या नकाशावर ते मोकळे रस्ते लाल झाले. आपल्या कोष्टकात हातगाडी फार तर तीन मोटारींइतकी. तिथे ती नव्व्याण्णव मोटारींइतकी झाली. नकाशा हे वास्तव नसून वास्तवाचे एक वाचन आहे, हे वर्गात तासभर बोलून जितके पटत नाही तितके त्या चित्रफितीने पटते. शिवाय हे वाचन वाचकांना हलवते. नकाशा एक गल्ली मोकळी म्हणून दाखवतो, मग शेकडो चालक तिथे वळतात, आणि ती मोकळी राहत नाही. आपले भविष्य आपणच खोटे पाडणारा असा निवेदक आपल्या कथनमीमांसेच्या अभ्यासक्रमात कुठे आहे?

माझ्या अभियंता मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे : रुग्णवाहिका अडकते तेव्हा तुमचे भाषाविश्लेषण काय कामाचे? आक्षेप खरा आहे. कोर्तासार यांच्या १९६६ च्या कथेत पॅरिसकडे जाणाऱ्या महामार्गावर दिवसच्या दिवस कोंडी राहते, मोटारींच्या नावांनी ओळखली जाणारी माणसे एकमेकांची होतात आणि प्रवाह सुटताच दुरावतात. ती कथा मला प्रिय असली तरी तिच्या आधारे कोंडीचे समर्थन करणे हा निर्बुद्धपणा ठरेल. परंतु रुग्णवाहिकेसाठी काय करावे हेही याच शास्त्राने सांगून ठेवले आहे, आणि ते ऐकणे आपण नाकारले आहे. अमेरिकेतील महामार्गांचा अभ्यास करून ड्युरांटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवले, की मार्गिका जितक्या वाढतात जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते. स्टॉकहोममध्ये २००६ साली सहा-सात महिने प्रायोगिक कोंडीशुल्क लावले. शहराच्या मध्यभागाच्या सीमेवरील वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली, लोकांनी सार्वमतात कौल दिला आणि २००७ पासून ते कायम झाले. पुण्याने २००६ मध्ये बससाठी वेगळी मार्गिका देशात प्रथम आखून पाहिली. तिची आखणी ढिसाळ होती, हे मान्य. पुढे नगर रस्त्यावरच्या अशाच मार्गिकेचे काही भाग 'वाहतुकीला अडथळा' म्हणून काढून टाकण्यात आले. बस ही वाहतूक नव्हे, वाहतुकीला अडथळा! 'तो प्रवास नाही' हे वाक्य त्या तरुणाने एकट्याने रचलेले नव्हते.

चर्चासत्राच्या शेवटी चहाच्या टेबलाशी तो मला भेटला. म्हणाला, मॅडम, पादचाऱ्यांची विदा मिळाली तर आम्ही ती आनंदाने घेऊ. कुठून आणायची ते सांगा. मी त्याला आमच्या चौकाचा पत्ता दिला आणि संध्याकाळी पाच ते सात ही वेळ सांगितली. माझ्याकडे एक वही आहे, चौतीस संध्याकाळच्या नोंदी आहेत : कोण किती वेळ थांबले, कोण अर्ध्यातून परतले. परतणाऱ्यांसाठी मी वेगळा रकाना आखला आहे. त्याला शास्त्रात काय म्हणतात, असे त्याने विचारले. मी म्हटले, नाव तुम्ही शोधा, फक्त 'घर्षण' ठेवू नका. तो अजून आलेला नाही, पण गेल्या महिन्यात त्याने वहीची छायाचित्रे मागवून घेतली आहेत.