पेटी एक, हिस्सेदार दोन



भांडुपच्या टेंभीपाड्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासर जावळी तालुक्यातले. सासूबाईंनी गावी दोन मधपेट्या सांभाळल्या. त्यांतली एक गेल्या पावसात ओस पडली, दुसरी मात्र माशांनी गच्च भरलेली आहे. सासूबाई आता थकल्या. धाकटा दीर म्हणतो, आईच्या वस्तूत माझा अर्धा हिस्सा. यजमान म्हणतात, पेट्यांना पैसे मुंबईहून मी पाठवले. दोघा भावांचे बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे. भगिनी विचारते, "पेटी विकून पैसे वाटून घ्यावेत, की माशांचीसुद्धा वाटणी होते? आणि होत असेल तर आमचा हिस्सा भांडुपला आणता येईल का?"

ताई, माशांची वाटणी होते. एक एकर जमिनीचे दोन भाग केले की दोघांच्या वाट्याला अर्धा-अर्धा एकरच येतो. मोहोळाचे तसे नाही. नीट वाटले तर पुढच्या हंगामापर्यंत दोघांकडेही पूर्ण मोहोळ तयार होते. आपल्या समाजात जमीन आधीच कमी. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले, ते जायलाच हवे होते, पण त्यानंतरही कितीजणांच्या नावावर धड शेत राहिले? मधमाशीला मालकाचे शेत लागत नाही. जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा यांचा फुलोरा कोणाच्या बांधावर आहे हे ती पाहत नाही. भूमिहीनाला करता येईल असा हा थोड्या धंद्यांपैकी एक आहे. म्हणून पेटी विकू नका.

आता वाटणी कशी होते ते सांगण्याआधी ती मुळात होऊ का शकते, हे सांगतो. त्यात आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे असे बरेच काही आहे.

पेटीत एक राणी, हजारो कामकरी माशा आणि हंगामापुरते नर असतात. लोक समजतात, राणी म्हणजे कोणी उच्च कुळातली. ते खरे नाही. ज्या अंड्यातून कामकरी निघते, तशाच अंड्यातून राणी निघते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाया माशांचा पांढरा रस मिळतो. पुढे ज्या अळीला तोच रस भरपूर मिळत राहतो आणि वाढायला मोठे घर मिळते, ती राणी होते. जिला मध-परागाच्या चाऱ्यावर ठेवतात, ती कामकरी होते. फरक अन्नाचा आणि जागेचा आहे, रक्ताचा नाही. गंमत अशी की कीटकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत राणी आणि कामकरी या भेदाला 'कास्ट' हाच शब्द वापरतात!

कामकऱ्यांचे पाहा. माशी घरातून बाहेर आली की तिचे पहिले काम घरे झाडून-पुसून स्वच्छ करण्याचे. मग ती पिल्लांना भरवते, मेणाचे बांधकाम करते, दारावर पहारा देते आणि शेवटी मकरंदासाठी रानात जाते. सफाई प्रत्येकीच्या वाट्याला येते आणि वयाबरोबर सुटते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी हे दाखवून दिले होते. 'निसर्गातच वर्ण आहेत, मधमाश्याच पाहा ना' असे कोणी तुमच्या मुलांना सांगू लागले, तर मुलांना हे उत्तर देता आले पाहिजे.

राणी हुकूमही देत नाही. पोळ्यात दाटी झाली की मोहोळ आपणहून फुटते. जुनी राणी निम्म्याहून अधिक माशा घेऊन बाहेर पडते आणि थवा एखाद्या फांदीला लोंबकळतो. नवे घर कुठे करायचे? १९४९ साली जर्मनीत मार्टिन लिंडावर या संशोधकाला अशा थव्यावर नाचणाऱ्या काही माशा काजळीने, विटांच्या भुकटीने माखलेल्या दिसल्या. युद्धात पडलेल्या म्युनिक शहराच्या इमारतींत त्या घरासाठी जागा शोधून आल्या होत्या. पुढे अमेरिकेच्या टॉमस सीली यांनी हा अभ्यास खूप लांब नेला. प्रत्येक शोधकरी माशी आपण पाहिलेल्या जागेच्या बाजूने नाचते, इतरजणी स्वतः जाऊन जागा तपासतात आणि एका जागेकडे पुरेशा माशा जमल्या की थवा उडतो. राणीचे मत कोणी विचारीत नाही.

आपण पेटीची वाटणी करतो, म्हणजे हे फुटणे आपल्या हाताने, वेळेवर घडवून आणतो.

वेळ चुकली तर दोन्ही घरे बुडतात. पावसाच्या तोंडावर तर मुळीच वाटू नये. जावळी-महाबळेश्वरचा पाऊस दुबळे घर झेलू शकत नाही. महिना पंचांगात पाहू नका, पेटीत पाहा. सगळ्या चौकटी माशांनी झाकल्या आहेत, अंडी-पिल्ले भरपूर आहेत, रानात फुलोरा आहे आणि नर माशा हिंडू लागल्या आहेत, अशी लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत. नर नसतील तर नव्या राणीचा संयोग कोणाशी होणार?

ओस पडलेली पेटी आधी खरवडून, उन्हात तापवून घ्या. तिच्यात मेणकिडा असण्याचा संभव आहे. स्वच्छ दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास, पुष्कळ माशा रानात असताना, किंचित धूर देऊन भरलेली पेटी उघडा. राणी शोधा. ती लांबट पोटाची असते, घाई केली तर सापडत नाही. समजा आठ चौकटी आहेत. राणी ज्या चौकटीवर आहे ती आणि आणखी तीन, माशांसकट, रिकाम्या पेटीत ठेवा. उरलेल्या चार जुन्या पेटीतच राहू द्या. दोन्हीकडे मध-परागाचे पोळे हवे. राणी नसलेल्या पेटीत मात्र ताजी अंडी आणि अगदी बारीक अळ्या असल्याच पाहिजेत. नवी राणी त्यांतूनच व्हायची आहे. अळी मोठी झाली की तिची राणी होत नाही.

मग जुनी जागा रिकामी ठेवून, तिच्या डाव्या-उजव्या हाताला फूट-दीड फुटावर दोन्ही पेट्या मांडा. तोंडे पूर्वीच्याच दिशेला. रानातून परतणाऱ्या माशा जुन्या जागेवर येतात आणि दोन्ही घरांत वाटल्या जातात. एका पेटीत गर्दी जास्त झाली तर ती जरा दूर सरकवा. दारे लहान करा आणि दोन्हींना काही दिवस संध्याकाळी साखरेचा पाक द्या.

चार-पाच दिवसांत राणी नसलेल्या पेटीत भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे दिसतील. त्यांतली चांगली एक-दोन ठेवून बाकीची काढा. अंडे घातल्यापासून साधारण सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. मग आठवडाभरात ती उडून आकाशात अनेक नरांशी संयोग करते. या काळात पेटी उघडून पाहण्याचा मोह टाळा. वाटणीपासून महिन्याभरात नव्या अंड्यांची घरे दिसली की काम फत्ते.

आता हिश्श्याचे. कोणी कोणती पेटी घ्यायची? जुनी राणी चालू आहे, पण म्हातारी होत चाललेली. नवी तरुण आहे, पण महिनाभर भरवसा नाही. म्हणून दोन्ही राण्या अंडी घालू लागेपर्यंत नावे घालूच नका. नंतर धाकट्याला आधी उचलू द्या.

पण ताई, पत्रात एक हिस्सेदार कुठेच दिसला नाही. पेट्या सांभाळल्या सासूबाईंनी, डंख सोसले त्यांनी, पावसात पाक पाजला त्यांनी. त्या हयात आहेत, तोवर पेटी त्यांची आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, आणि आपल्याच घरात म्हातारीला न विचारता वाटण्या व्हाव्यात? वाटणी त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या. दोन्ही भावांनी पहिल्या हंगामाच्या मधातला तिसरा भाग त्यांना द्यावा, असे माझे मत.

दुसरा प्रश्न भांडुपचा. चाळीच्या गॅलरीत पेटी आणू नका. हाताच्या अंतरावर शेजाऱ्याचा पाळणा असतो, आणि कोणाला डंख कसा बाधेल सांगता येत नाही. डंख लागल्यावर काटा नखाने लगेच खरवडून काढावा. चेहरा सुजला, श्वास लागला तर घरगुती उपाय करीत न बसता दवाखाना गाठावा. आपल्या उंच इमारतींना लोंबणारी मोहोळे आग्या माशीची असतात, ती पेटीत नांदत नाही. पेटीतली ती सातेरी. मागच्या राष्ट्रीय उद्यानातून मोहोळ आणू म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि मोहोळाखाली टेंभा धरून मध काढणे पंचशील घेतलेल्यांना शोभत नाही. त्यात पिल्ले जळतात. यंत्राने मध काढला तर पोळे आणि पिल्ले दोन्ही वाचतात. संबोधीनंतर भगवंतांना तपुस्स आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी सातूच्या पिठाबरोबर मधाचेच दान दिले होते. विनयातही भिक्खूंच्या पाच औषधांत मध आहे.

शिकायचे असेल तर महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तुमच्या जावळीहून ते जवळ. मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते, आणि साहित्याला निम्मे अनुदान आहे. चौकशी दिराने करावी, तो गावीच आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तिथल्या मधपाळांची वाटणी एकदा डोळ्यांनी पाहिली, तर हा लेख पुन्हा वाचावा लागणार नाही. पुण्यालाही १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

एक राहिलेच. पाच आठवडे झाले, तरी नव्या पेटीत अंडी दिसली नाहीत, तर राणी हरवली असे समजा. ती पेटी तशीच ठेवली तर मरेल. तिन्हीसांजेला राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, त्याला टाचणीने बारीक भोके पाडा आणि त्यावर बिनराणीची कोठी ठेवा. माशा दोन्हीकडून कागद कुरतडतात. तो फाटेपर्यंत वास एकमेकींत मिसळतो आणि भांडण न होता घर पुन्हा एक होते. पुढच्या फुलोऱ्याला वाटणी परत करता येते. कागद आमच्या साप्ताहिकाचा चालेल, आधी वाचून घ्या म्हणजे झाले.