गटाराच्या गाळातला मदतनीस



ड्रायक्लीनिंगहून आणलेल्या कोटाला कधी कधी गोडसर, झोंबणारा वास येतो. अनेक ठिकाणी या कामाला 'पर्क' नावाचे द्रावण वापरतात. त्याचेच भावंड ट्रायक्लोरोएथिलीन. कारखान्यांत यंत्राच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस त्याने धुतात. त्याने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला.

ही द्रावणे पाण्याहून जड असतात. जमिनीवर सांडली की खाली झिरपतात, विहिरीच्या नि बोअरिंगच्या पाण्यात उतरतात आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतात.

यावर इलाज सापडला तो कोठे? गटाराच्या गाळात! अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी इथाका गावच्या सांडपाणी केंद्रातील गाळातून एक जिवाणू वेगळा केला आणि १९९७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव डिहॅलोकोकॉइडिस. आपण श्वासाला प्राणवायू वापरतो. हा जिवाणू त्याच्या जागी ही क्लोरीनयुक्त विषे वापरतो. हवा मात्र त्याला सोसत नाही.

पर्कच्या रेणूत क्लोरीनचे चार अणू असतात. जिवाणू ते एकेक करून काढतो. सुटलेला क्लोरीन मिठातल्यासारखा क्लोराइड होऊन पाण्यात मिसळतो. चारही निघाले की उरतो इथिलीन वायू. अढीतले आंबे पिकतात ते याच वायूमुळे.

पण येथे एक धोका आहे. तीन अणू निघाले आणि एक राहिला, तर तयार होते व्हिनाइल क्लोराइड. ते तर मूळ विषाहूनही घातक, कर्करोग करणारे. या जातीच्या सगळ्याच जिवाणूंना ही शेवटची पायरी जमत नाही. म्हणून पर्क कमी झाले एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. शेवटपर्यंत पाणी तपासावे लागते. येथे अर्धे काम न केलेल्या कामाहून वाईट ठरते.

हा जिवाणू एकट्याने जगतही नाही. जमिनीत मळी किंवा खाद्यतेल सोडतात. दुसरे जंतू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात, तो याचा आहार. बी-१२ जीवनसत्त्वही त्याला शेजाऱ्यांकडूनच मिळते. जेथे तो मुळात नसेल, तेथे विरजण घालावे तसा बाहेरून आणून सोडतात. तरीही जागा स्वच्छ व्हायला वर्षे लागतात.

तेव्हा, 'गटारातले जंतू बघून घेतील' असे समजू नका. सांडपाणी केंद्रांत बहुधा पाण्यात हवा सोडतात. तेथे या जिवाणूचे काम चालत नाही. तुमच्या घरातले कोणी अशा कामावर असेल, तर उरलेले द्रावण गटारात ओतू नये, झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि त्याची रीतसर विल्हेवाट मालकाला लावायला सांगावी. त्या द्रावणाने हात धुऊ नयेत. दारे-खिडक्या उघड्या ठेवून काम करावे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. ड्रायक्लीन केलेला कपडाही आधी बाहेर वाऱ्यावर टांगावा, मगच कपाटात ठेवावा.

एक बादली ओतायला मिनिट लागत नाही. ती निस्तरायला त्या बिचाऱ्या जिवाणूंना वर्षे लागतात, आणि तोवर ते पाणी कोणाच्या तरी घागरीत येतच असते.